चितऱ्याचे दोन डोळे

आईवडिलांना सोडलं तर माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते डॉ. नारायण घुमटकर यांचं. नागपूरला पशुवैद्यकाच्या पदवीला असताना ते आम्हाला शस्त्रक्रिया शिकवत. मी मूल तालुक्यातल्या धानाच्या गावचा. वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे, आई रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची, आणि घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत मला उत्तर येत असूनही लिहिता आलं नाही. घुमटकर सरांनी कोरा पेपर पाहिला आणि म्हणाले, "मराठीत लिही. मग आपण दोघं मिळून ते इंग्रजीत करू." दोन वर्षं दर शनिवारी दुपारी त्यांनी हे काम केलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, त्यामुळे आभार मानायची वेळही आली नाही.

सरांना एक छंद होता. कुठल्याशा परदेशी परिषदेत त्यांना चिनी पशुवैद्यकाची इंग्रजीत भाषांतर केलेली पुस्तिका मिळाली होती. घोड्याच्या अंगावर कुठे सुई टोचायची, कुठली शीर फोडायची, डोळा लाल झाला तर कशाचा काढा करायचा, असं त्यात होतं. मुलं त्यांना मागून 'चिनी सर' म्हणत. सर त्या पुस्तिकेचे भक्त नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की चिनी लोक शेकडो वर्षं घोडे सांभाळत आले आहेत, सगळंच चूक असणार नाही. पाहा, तपासा, आणि जे दिसलं ते लिहून ठेवा.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझी नेमणूक आलापल्लीच्या पुढच्या एका दवाखान्यात झाली. दोन खोल्या, एक व्हरांडा, जनावर अडकवायचा लाकडी खोडा आणि पट्टीबंधक मडावीभाऊ. पट्टीबंधक म्हणजे मलमपट्टी करणारा, जनावर धरणारा. मडावीभाऊ गोंड, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते.

तिकडे घोडे फारच थोडे. नांगराला आणि गाडीला बैल. घोडा म्हणजे बाजारकऱ्यांचं तट्टू. आठवडी बाजार करणारे लोक मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी तट्टावर लादून आलापल्लीहून एटापल्ली, तिथून सूरजागडच्या पायथ्याच्या गावांत जायचे आणि येताना मोहफुलं, चारोळी, डिंक घेऊन यायचे. पावसाळ्यात गाडीरस्ते बंद, पण तट्टू नाल्यातून निघतं. म्हणून त्याची किंमत.

एक घोडा मात्र निवृत्त वनअधिकाऱ्यांचा होता. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहायचं. मी उत्साहाने म्हणालो, चिनी पद्धतीनं डोळ्याखालची शीर थोडी फोडून पाहू. ते म्हणाले, "बासष्ट साली आम्ही इथं युद्धनिधी गोळा केला होता डॉक्टर. चिनी सुई माझ्या घोड्याला लागणार नाही." मी साधे थेंब दिले. पाणी थांबलं. थेंबांनी थांबलं की थंडी सरली म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्या धंद्यात बरं झालेल्या जनावरापेक्षा न झालेलं जनावर जास्त शिकवतं.

असं एक तट्टू माझ्याकडे आलं ते धानाच्या मळणीच्या दिवसांत. ते होतं सोनाबाईचं. नवरा वारल्यावर तिने त्याचा बाजाराचा फेरा स्वतः चालू ठेवला होता. तट्टाच्या अंगावर चितळासारखे फिकट ठिपके, म्हणून नाव चितऱ्या. त्याचा डावा डोळा मिटलेला, पाणी गळतंय, आणि बुबुळावर पांढुरकी साय.

मी विचारलं, "डोळ्यात काय टाकलं?"

"काई नाई टाकलं, सायब."

"खोटं सांगू नका बाई. तंबाखू चावून थुंकली असेल. नाहीतर मीठ."

"मी तंबाखूच खात नाई. दात पाहा माये."

व्हरांड्यात बसलेले लोक हसले. मी रागावलो. जनावराच्या डोळ्यात चावलेलं मीठ नाहीतर तंबाखू फुंकायची रीत त्या भागात होतीच. आमच्या घरी धम्म घेतल्यापासून अंगारे-धुपारे बंद झाले होते, आणि आता मी पदवी घेतलेला माणूस. अशा गोष्टींवर तुटून पडणं मला कर्तव्य वाटायचं. मी तिला पाच-दहा मिनिटं सुनावलं. तिचे दात पाहिले नाहीत. घोड्याचा डोळाही नीट पाहिला नाही. पांढरा डोळा म्हणजे सूज, आणि सुजेवर मलम आहे, स्टेरॉइडचं. दिवसातून तीनदा लावायला सांगून मी ट्यूब दिली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला जखम झाली तरी डोळा पांढरा दिसतो आणि नुसती सूज असली तरी पांढरा दिसतो. सुजेवर स्टेरॉइड गुणकारी. जखमेवर तेच औषध पडलं तर जखम भरायची थांबते आणि पडदा आतून विरघळत जातो. फरक ओळखायला एक रंगाची कागदी पट्टी असते. ती डोळ्याला लावली की जखम हिरवी दिसते. माझ्याकडे पट्ट्या संपल्या होत्या. पण पट्टी नसली तरी पापणी उलटून पाहायला कोणी अडवलं नव्हतं.

मी सांगितल्यापेक्षा सोनाबाईने एकदाही कमी मलम लावलं नाही. तेच वाईट झालं. आठव्या दिवशी ती आली तेव्हा डोळा फुटून पाणी वाहून गेलं होतं. घोड्याला नाकाकडच्या कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते. मडावीभाऊंनी अंगठ्यानं ती दाबून वर केली, आत बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकावर काहीतरी मला दाखवलं.

"कुसळ हाय साहेब. धानाचं. तणस खाताना गेलं असन."

सोनाबाईने विचारलं, "आता दिसन का याले?"

"या डोळ्यानं नाही."

"तुमच्या मलमानं झालं का?"

मी म्हणालो, "जखम आधीचीच होती."

हे वाक्य खरं होतं. इतकं खरं, की खोटं बोलायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं सापडलं नसतं. ती "बरं" म्हणाली आणि तट्टाला घेऊन गेली. मडावीभाऊंनी खोडा धुऊन काढला.

मी सरांना पत्र लिहिलं. त्यात एवढंच, की इकडे डोळ्याचे रोगी येतात, जखम कशी ओळखावी ते पुन्हा सांगावं. चितऱ्याचं नाव नाही, माझ्या मलमाचं नाही. सरांनी रंगाच्या पट्ट्यांचं एक पाकीट पाठवलं आणि सोबत त्या चिनी पुस्तिकेतलं डोळ्यांचं प्रकरण, सायक्लोस्टाइल केलेलं.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस मडावीभाऊ आलापल्लीच्या बाजारातून आले ते बातमी घेऊनच. "सोनाबाईच्या घोड्याच्या डोळ्यात साप हाय म्हणतेत. चांगल्या डोळ्यात. परवा डाग द्याले नेऊन राह्यली."

डाग म्हणजे तापलेल्या विळ्यानं डोळ्याच्या वर चटका. मी तसाच बाजारात गेलो. सोनाबाई मिरच्यांच्या ढिगामागे बसली होती आणि मागे चितऱ्या बांधलेला. मी म्हणालो, "डोळा दाखवा बाई."

"काऊन? एकच उरला हाय."

शेजारची कांदेवाली म्हणाली, "पाहू दे व. पाह्याचं काई लागत नाई."

मी तट्टाचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि या वेळी पाहिलं. बुबुळावर निळसर धुकं होतं आणि त्यामागे, डोळ्यातल्या पाण्यात, पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. हा साप नव्हे, जंत. तो खरा राहणारा गुरांच्या पोटाच्या पोकळीत. डास गुराला चावून घोड्याला चावला की त्याची पिल्लं घोड्यात जातात. घोड्याचं शरीर त्यांच्या ओळखीचं नसतं. वाट चुकतात आणि एखादं डोळ्यात जाऊन पोचतं. धानाची पाण्यानं भरलेली बांधी, गुरं आणि डास जिथे एकत्र, तिथे हे होतं. जंत डोळ्यात हलत राहतो आणि धुकं वाढत जातं, शेवटी डोळा जातो. आमच्या हाताशी त्याच्यावर पोटातून द्यायचं खात्रीचं औषध नव्हतं. तो बाहेर काढायचा.

मी हे सगळं तिला सांगितलं.

"मंग काढा."

"मी कधी काढला नाही. नागपूरला काढतील."

"नागपूर कुठी अन् मी कुठी. नाल्याले पूर हाय." ती चितऱ्याकडे बघत राहिली. "हा आंधळा झाला तं फेरा बंद. मीठ का डोस्क्यावर नेऊ एटापल्लीले?" मग म्हणाली, "कधी काढला नाई म्हणाले, हे बरं केलं. मागच्या येळी तं तुमाले सारंच येत होतं."

चार दिवसांनी यायचं ठरलं. डाग देणार नाही असं तिने कबूल केलं.

ते चार दिवस मी दोन मजकूर समोर ठेवून वाचत होतो. पाठ्यपुस्तक सांगत होतं: घोडा आडवा पाडा, डोळा बधिर करा, बुबुळाच्या कडेला छिद्र पाडा, पाण्याबरोबर जंत निघेल. चिनी प्रकरणात त्याच जागेला नाव होतं. भाषांतरकाराने त्याचा अर्थ 'आकाश उघडणे' असा दिला होता. जागा तीच, बुबुळाची खालची कड. पण तिथे लिहिलं होतं: घोडा उभा ठेवा, उजेडात ठेवा, सुईला दोरा गुंडाळून टोक तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढंच उघडं ठेवा, आणि जंत पुढे पोहत येईपर्यंत थांबा. कारण घोडा आडवा पडला की जंत बाहुलीच्या मागे सरकतो, आणि मग नुसतं पाणी निघतं. पाठ्यपुस्तकात या अडचणीचा उल्लेख नव्हता. आणि चिनी प्रकरणात डोळा बधिर करण्याचा उल्लेख नव्हता.

खाटकाकडून मी रोज बकऱ्यांची मुंडकी मागून आणायचो आणि त्यांच्या डोळ्यांत सुई घालून बघायचो. तो म्हणाला, "डाक्टर, डोळ्याची भाजी करता का?" पहिल्या दिवशीचे सगळे डोळे मी खराब केले. सुई सहज आत जात नाही, आणि गेली की फार जाते. दोरा गुंडाळायला मला जमेना, घसरायचा. मडावीभाऊ थोडा वेळ बघत बसले, मग सुई हातातून घेतली. बाणाचं पातं काडीला आवळतात तसे त्यांनी वेढे दिले आणि शेवटचं टोक आतून ओढून घेतलं. तो दोरा उकळल्यावरही हलला नाही.

ठरल्या दिवशी सकाळी दहा वाजता ऊन चांगलं पडलं होतं. चितऱ्याला खोड्यात उभं केलं. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून मडावीभाऊंनी पीळ दिला. असं केलं की घोडा शांत राहतो. पापणी मिटू नये म्हणून एक इंजेक्शन, बुबुळ बधिर करणारे थेंब, हे माझ्या पुस्तकातलं. उभा घोडा, उजेड आणि दोऱ्याची सुई, हे सरांच्या पुस्तिकेतलं. सोनाबाई चितऱ्याच्या मानेला हात लावून उभी होती.

आणि जंत दिसेना. बाहुलीच्या मागे गेला होता. मी सुई धरून उभा, दहा मिनिटं, वीस मिनिटं. थेंबांचा असर उतरला, पुन्हा घातले. वाटलं, टोचून टाकावं, निघालाच तर निघेल. एवढ्यात सोनाबाई घोड्याच्या डोळ्याशी तोंड नेऊन म्हणाली, "निंग रे बाहेर. बाजार भरला, तू आंदर का करून राह्यला?"

मडावीभाऊ हसले, मलाही हसू आलं आणि हात थांबला. थोड्या वेळाने तो पांढरा दोरा बाहुलीच्या कडेवरून पुढे आला, एक वळसा घेतला आणि खाली उतरला. मी सुई घातली आणि काढली. पाण्याची चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. चष्मा पुसून पाहिलं तर जंत चितऱ्याच्या गालावर वळवळत होता, बोटाच्या दोन पेरांएवढा.

सोनाबाईने तो काडीवर घेतला. "एवढासाच?"

पण डोळा चपटा पडला होता. आतलं पाणी परत भरतं हे मला माहीत होतं, वाचून. पाहिलं नव्हतं. सोनाबाई व्हरांड्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा पुन्हा गोल भरलेला होता. मी मडावीभाऊंना हाक मारली आणि आम्ही दोघं तो बघत बसलो.

मग चिनी प्रकरणातला उरलेला भाग केला. डोळ्याखालची शीर बारीक फोडून थोडं रक्त काढलं. मडावीभाऊ म्हणाले, "आमचे जुने लोक बैलाचं असंच काढत. बाभळीच्या काट्यानं. तुमी लोकांनीच बंद केलं." शेवंतीच्या फुलांचा काढा करून डोळ्याभोवती शेक दिला. सोनाबाई म्हणाली, "शेवंती तं देवाले वाह्यतेत," आणि कुठून तरी ओटीभर फुलं आणली. सोबत माझे थेंब आणि जंतुनाशक चालूच होतं, त्यामुळे कशाने काय झालं ते सांगता येत नाही.

सातव्या दिवशी प्रश्न आला तो मलमाचा. आतली सूज उतरत नव्हती आणि तिच्यावर उपाय तोच, स्टेरॉइड. मी रंगाची पट्टी लावली. डोळ्यात हिरवं कुठेही उमटलं नाही. सोनाबाईला जवळ बोलावून दाखवलं: हिरवं नाही, म्हणजे जखम बुजली आहे, आता हे मलम चालेल.

तिने ट्यूब ओळखली. "तेच का?"

"तेच."

तिने चितऱ्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "लावा. पण तुमच्याच हातानं लावा. मी नाई लावत."

पुढचे सहा दिवस दिवसातून तीनदा मी लावलं. धुकं ओसरलं. खालच्या कडेला मुगाएवढा पांढरा डाग राहिला, तो कायमचा. चितऱ्या फेऱ्यावर जाऊ लागला.

मी सरांना दोन ओळींचं कार्ड टाकलं: उभ्या घोड्याच्या डोळ्यातून जंत काढला, दिसतं आहे. सरांचं उत्तर आलं, चार पानी. इतके आनंदी ते पूर्वी कधी झाले नव्हते. सगळं सविस्तर लिहून पाठव, म्हणाले, शेवटच्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवतो. खेड्यातल्या दवाखान्यात दोन्ही शास्त्रं एकत्र चालवणारा तू माझा पहिला विद्यार्थी. मी ते पत्र खिशात घेऊन बरेच दिवस हिंडलो. बाजारात सोनाबाई भेटली तेव्हा तिला सांगितलं, की तुमच्या चितऱ्याबद्दल नागपूरच्या कॉलेजात वाचणार आहेत.

ती मिरच्या तोलत होती. तोलून, गिऱ्हाइकाच्या पदरात टाकून झाल्यावर म्हणाली, "लिवा ना. पण दोन्ही डोळ्याचं लिवा."

त्या आठवड्यात मी सरांना जे पत्र पाठवलं त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. सर आता नाहीत. पत्र जसंच्या तसं देतो.

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आपण मागितलेली हकीकत सोबतच्या तीन पानांवर लिहिली आहे. ती उजव्या डोळ्याची आहे. ती वाचून दाखवण्याआधी हे पान वाचावे ही विनंती.

याच घोड्याचा डावा डोळा गेल्या मळणीत माझ्या हातून गेला. धानाचे कुसळ तिसऱ्या पापणीखाली होते. मी पापणी उलटली नाही. मालकिणीने डोळ्यात तंबाखू टाकली असे मी ठरवून टाकले होते आणि तिला बोलण्यात माझा वेळ गेला. जखमेवर मी स्टेरॉइडचे मलम दिले. आठ दिवसांत डोळा फुटला. तिने विचारले तेव्हा मी तिला सरळ उत्तर दिले नाही, आणि जखम कशी ओळखावी असे मी आपल्याला विचारले तेव्हा आपल्यालाही कारण सांगितले नाही. काल मी तिच्या घरी जाऊन सांगितले. ती म्हणाली, ते मला त्याच दिवशी कळले होते.

चिनी पद्धत श्रेष्ठ की आपली, असे आपण विचारले आहे. सुईची जागा दोन्हींत एकच आहे. थांबायचे कधी ते मला चिनी प्रकरणाने सांगितले आणि दुखू न देता कसे करायचे ते पाठ्यपुस्तकाने. रक्त काढण्याचा आणि शेवंतीचा उपयोग झाला का, हे मला माहीत नाही. एका घोड्यावरून सांगू नये असे वाटते. सुईवरचा दोरा आमचे पट्टीबंधक मडावीभाऊ यांनी बांधला, त्यांचे नाव घ्यावे.

मुलांना वाचून दाखवताना डाव्या डोळ्याचा भाग गाळू नये. माझे नाव सांगितले तरी चालेल.

चितऱ्याची प्रकृती ठीक आहे. डावीकडून काही आले की तो अजून बुजतो. म्हणून सोनाबाई आता त्याच्या डाव्या अंगाने चालते.

आपला विद्यार्थी